पूल ठोकून बघणारा शेजारी

कोपरीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे पुलांचे इंजिनिअर दिसेल ते बोटांनी ठोकून बघतात. टेंभी नाक्यावरच्या मंडपाचा खांब त्यांनी एकदा नुसता वाजवला, तर कंत्राटदार मंडप सोडून पळाला.

कॅनडाचा व्हिसा आला म्हणून त्यांनी इथली नोकरी सोडली. तिकडच्या कंपन्यांचं मात्र एकच पालुपद, "इथला अनुभव नाही." शेवटची मुलाखत उरली होती, ती आमच्या घरच्या नेटवर झाली. स्क्रीनवरच्या साहेबाने एका पुलाचा फोटो दाखवून विचारलं, "हा अजून किती वर्षं टिकेल?"

मी बाजूला बसून कुजबुजलो, "अहो, पन्नास सांगून टाका."

गृहस्थ शांतपणे म्हणाले, "फोटोवरून नाही सांगता येणार. तिथे येऊन ठोकून बघावं लागेल."

मागे उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, त्यांच्याकडे असं पाहिलं, की कॅनडातला तो पूल तिकडे हलला असणार.

चार दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. मी पेढे घेऊन वर गेलो, तर गृहस्थ चिंतेत.

"आता काय झालं?"

"कंपनी कच्ची वाटते हो," ते म्हणाले. "मला नुसतं स्क्रीनवर बघून घेतलं त्यांनी."