मेंढरं जिकडं बघत होती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. त्या दुपारी कॉलेजच्या हॉलमध्ये दादाच्या मानेवर पडलेला गार हात माझा होता.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. फौजेतून निवृत्त झाल्यापासून साताऱ्याकडं ऊस बघतो. त्याची मुलगी त्याला आबा म्हणते; ती शिकायला आमच्याकडं, जिल्ह्याच्या गावी विश्रामबागेत होती. तिला सिनेमा शिकायला पुण्याला जायचं होतं. दादा म्हणाला, "भुताचा पिक्चर काढलायस न्हवं? बघतो की. मी घाबरलो तर जा पुण्याला. न्हाई घाबरलो तर गप बी.एड. कर." सगळी नोकरी सरहद्दीवर काढलेल्या माणसाशी ही पैज!

पिक्चरची सुरुवात तिनं जतला, मैत्रिणीच्या घरच्या मेंढरांवर घेतली. कॅमेरा जमिनीलगत, मेंढराच्या डोळ्यांच्या उंचीवर. कळप बसलाय, गळ्यातल्या घंटा किणकिणतायत, आणि एकदम सगळी मेंढरं मान वळवून थेट आपल्याकडं बघतात. त्यांनी मान वळवावी म्हणून कॅमेऱ्यामागं मक्याचा डबा खुळखुळवत मी उभा होतो, फुलाफुलांच्या शर्टात. पुढच्याच क्षणी अख्खा कळप माझ्यावर धावून आला. मी डबा टाकून पळालो.

"आवं सायेब, पळताय कुठं? मका द्या की त्येस्नी!" मैत्रिणीचे वडील हसून हसून खालीच बसले. तो भाग पोरीनं कापला.

मग आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून तिनं एकेका घंटेचा आवाज काढून टाकायला घेतला.

"अगं, भुताच्या पिक्चरला धाडकन काहीतरी वाजायला नको?"

"काका, धाडकन वाजलं की माणूस दचकतो. भीती वेगळी. आधी कानाला सवय लावायची, मग हळूच काढून घ्यायचं. आणि भूत दाखवायचंच नाही."

"मग लोकांनी बघायचं काय?"

"मेंढरं काय बघतायत, ते."

मला काही पटलं नाही. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी ताडकन उठलो. तीही फिदीफिदी हसली.

पिक्चर दाखवायच्या दिवशी कॉलेजच्या हॉलमध्ये दादा पुढच्या रांगेत आणि बरोबर त्याच्या मागं मी, दोन्ही हातांत उसाच्या रसाचा ग्लास, बर्फ घातलेला. अंधार झाला. घंटा वाजू लागल्या.

"मेंढरं ब्येस हायत," दादा मोठ्यानं म्हणाला. "भूत कवा येणार?"

एक घंटा थांबली. मग आणखी एक. शेवटी एकच उरली, मग तीही गेली. मेंढरांनी माना वळवल्या. ती माझ्या डब्याकडं बघतायत हे मला ठाऊक होतं हो! तिथं उभा राहिलेला मीच! तरीही माझ्या पाठीमागं कुणीतरी आहे अशी माझी खात्रीच पटली. वळून बघायची छाती होईना. एक हात आपोआप पुढं गेला आणि जे सापडलं ते घट्ट धरलं. ती दादाची मान होती.

दादा "आई गंऽऽ" असा काही ओरडला की पाठोपाठ अख्खा हॉल ओरडला. खुर्च्या पडल्या. दिवे लागले तेव्हा मी शांतपणे रस पीत होतो.

"मागं कोण हाय रं?"

"मीच की. काय झालं, दादा?"

"गार हात लागला मानंला. लय गार!"

"घाबरलो म्हणा की सरळ," शेजारी बसलेली वहिनी पदर तोंडाला लावून म्हणाली.

दादा शब्दाला जागला. पोरगी पुण्याला गेली. त्या हॉलात कायतरी हाय, असं तो अजून गावभर सांगतो, आणि परवापर्यंत मला हसू दाबायला उठून बाहेर जावं लागायचं. तेव्हा बोललो असतो तर पैज मोडली असती. नंतर बोललो नाही ते निव्वळ लाजेनं.

परवा ती सुट्टीला आली, नवा पिक्चर दाखवला. सुरुवातीलाच धाड, धाड, धाड!

"घंटा कुठं गेल्या गं?"

"त्या दिवशी हॉल आबांच्या ओरडण्याला घाबरला, काका. शांततेला कोण घाबरतंय?"

तेव्हापासून हसू येत नाही.

दादाची माफी मागायची आहे, ती मागेन, शिव्याही खाईन. पोरीचं देणं त्याहून मोठं आहे. "आबांच्या आधी मी घाबरलो होतो, आणि तुझ्या शांततेलाच घाबरलो होतो," एवढं एक वाक्य मी तिला देणं लागतो.