दुसऱ्या लग्नाचे साक्षीदार

मनमाडला गाडी बदलून मी सकाळी नांदुऱ्याला उतरले, तेव्हा पिशवीत दोन पातळं होती आणि मोताळ्याच्या सभेसाठी लिहून आणलेलं भाषण. विषय आयोजकांनीच कळवला होता: धर्म कोणताही असो, लग्न आणि काडीमोड यांचा कायदा देशात एकच हवा. पुण्यात वकिली करताना मी यावर पुष्कळदा बोलले होते. महाराष्ट्र राज्य होऊन काही वर्षंच झाली होती, आणि वऱ्हाडातल्या बाजाराच्या गावाने असल्या विषयावर सभा घ्यावी, याचं मला फार अप्रूप वाटलं.

नांदुऱ्याहून एस.टी.ने पिंपळगाव राजाकडे निघाले. कापूस वेचणीचे दिवस. दोन्ही बाजूंना काळी जमीन, आणि सरकी काढणाऱ्या जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना अडकून राहिलेला. मध्येच बसचं चाक पंक्चर झालं. कंडक्टरने सगळ्यांना खाली उतरवलं आणि आम्ही बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत बसून राहिलो. शेजारच्या म्हाताऱ्याने मी कोणाकडची, ते विचारलं. मी वकील आहे म्हटल्यावर तो दुसरीकडे सरकून बसला.

पिंपळगावला शाळेतल्या शिक्षिका सुशीलाबाई न्यायला आल्या होत्या. मुक्काम त्यांच्याकडेच होता. जेवायला कळण्याची भाकर (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली), अंबाडीची भाजी आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा. ताटं उचलतो न उचलतो तोच शेजारच्या दोघी आल्या. गंगा भाजीचा मळा करायची, जुबेदा कपडे शिवायची. दोघींच्या घरांमध्ये एकच कूड होता आणि दोघींनाही नवऱ्याने टाकलं होतं.

गंगाचा नवरा मोताळ्याच्या एका जिनिंगमध्ये मुकादम होता. त्याने तिच्या डोळ्यांदेखत दुसरी बायको केली. हिंदूंना पहिली बायको असताना दुसरी करायला कायद्याने बंदी आहे, हे सुशीलाबाईंनी सांगितल्यावर तिने फिर्याद केली. कोर्टाने विचारलं, दुसऱ्या लग्नात होम झाला का, सप्तपदी झाली का, ती कोणी पाहिली? मांडवात जेवलेल्या लोकांनी साक्षीत सांगितलं, की आम्ही फक्त जेवायला गेलो होतो. भटजी म्हणाले, हार घातले, बाकी काही नाही. विधी सिद्ध झाला नाही म्हणून लग्न झालंच नाही, आणि लग्न झालं नाही म्हणून गुन्हाही नाही. नवरा सुटला. दुसरी घरात नांदत होती, तिला मूलही झालं होतं.

असे निकाल मी वाचले होते. पण त्या निकालाने होरपळलेली बाई समोर बसून पदराचं टोक पिळत असताना माझ्या कानशिलांत रक्त चढलं.

जुबेदाला कोर्टाचं दारच नव्हतं. खामगावच्या तिच्या नवऱ्याने उंबऱ्यात उभं राहून तीनदा तलाक म्हटलं आणि ती दोन लेकींसह रस्त्यावर आली. माझ्या भाषणाचा विषय ऐकून तिने शांतपणे विचारलं, "हिच्यासाठी कायदा हाय म्हणता ना, बाई? मंग हिच्या घरात दुसरी काऊन बसून राह्यली?"

म्हणूनच नवा कायदा मागताना या पळवाटाही बुजवायला हव्यात, असं मी म्हटलं. सभेत तुमची नावं घेऊ का, असंही विचारलं. जुबेदाने होकारार्थी मान हलवली. गंगा म्हणाली, "घ्या. माह्या नावानं माहं काय जाणार हाय? पण त्याचंबी घ्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी मोताळ्याला पोचलो. आठवडी बाजार भरला होता. मिरच्यांच्या ढिगांवरून वारा आला की सगळा बाजार शिंकत होता. सभेच्या अध्यक्षांना सगळे भाऊसाहेब म्हणत. गंगाचा नवरा मुकादम होता ते जिनिंग त्यांचंच. त्यांनी चहा पाजला, जुबेदाला व्यासपीठावर पुढे बसवायला सांगितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, की गंगाचा विषय काढू नका, तो घरगुती मामला आहे. ते दुसरं लग्न याच भाऊसाहेबांच्या आवारात लागलं होतं, हे सुशीलाबाईंनी मला तोवर सांगितलं होतं.

एकीचं दुःख त्यांना व्यासपीठावर मांडायला हवं होतं, आणि दुसरीचं त्यांच्याच अंगणातलं होतं.

लिहून आणलेलं भाषण मी उघडलंच नाही. आधी जुबेदाची हकिकत सांगितली; टाळ्या झाल्या. मग गंगाची सांगितली. टाळ्या थांबल्या. मी अध्यक्षांकडे वळले आणि विचारलं, की तुमच्या आवारातल्या त्या लग्नात सप्तपदी झाली का, हे तुम्ही कोर्टात येऊन सांगाल काय? ते हसून म्हणाले, की हा आजचा विषय नव्हे.

तेव्हा बायकांमधून गंगा उठली. "भाऊसाहेब, नव्या नवरीले आहेर तुमी आपल्या हातानं देल्ला. इथं सांगा, लगन झालं का नाई."

कर्णा बंद पडला. बंद केला गेला, हे मी भाऊसाहेबांनी कर्ण्याशी बसलेल्या पोराला केलेल्या खुणेवरून ओळखलं. भाऊसाहेबांनी मोठ्या आवाजात ठराव वाचला: सरकारने सर्व धर्मांसाठी एकच कायदा करावा. हात वर झाले. पहिल्या रांगेत मुकादम बसला होता, गंगाचा नवरा. त्यानेही हात वर केला.

जुबेदा व्यासपीठावरून उतरली, गंगाजवळ गेली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "हे हात माह्यासाठी वर नाई झाले, बाई."

आम्ही चौघी सभा सोडून निघालो. मला मलकापूरला रेल्वे धरायची होती; तिकडची एस.टी. लागलेलीच होती. ठराव सरकारकडे जाणार होता, कुठेतरी छापूनही येणार होता, आणि त्यावर मुकादमाचंही मत होतं.

गंगाचं अपील मी वरच्या कोर्टात चालवलं आणि हरले. सर्वांसाठी एक कायदा मी आजही मागते; पण आता त्यात पहिलं कलम मांडवात जेवून कोर्टात लग्न नाकारणाऱ्या साक्षीदारांबद्दल मागते. पुण्यात परतल्यावर एका वकील मित्राने सहानुभूतीने विचारलं, तिकडचे लोक फार मागासलेले असतील, नाही? मी त्याला सांगितलं, की सप्तपदीची पावलं मोजून मागणारा निकाल मोताळ्याच्या बाजारात लिहिला गेलेला नाही. तो आपल्यासारख्यांनीच लिहिला आहे, चांगल्या भाषेत.