बाहुलीची अंघोळ

बाईंनी बाळ माझ्या हातातून काढून घेतलं. मी अजून नीट धरलंही नव्हतं. एक हात मानेखाली गेला होता, दुसरा पाठीखाली जायचा होता. तेवढ्यात त्या बाळाची आई बोलली, "आवं बाई, ही पोरगी कुनातली हाय?"

बाईंनी बाळ उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. मग कपाट उघडलं आणि चिंध्या भरलेली एक कापडी बाहुली माझ्यापुढं टाकली. म्हणाल्या, "तू हिच्यावर कर. पद्धत कळली की झालं."

एकोणीस मुली बघत होत्या. टबात कोमट पाणी होतं, शेजारी साबण, टॉवेल. मी बाहुलीच्या मानेखाली हात घातला. तिला मान नव्हतीच.

हे कराडजवळच्या एका गावाबाहेरचं, ग्रामसेविकांच्या प्रशिक्षण केंद्रातलं. साठ सालानंतरची गोष्ट. आम्ही बौद्ध होऊन काही वर्षं झाली होती. पलूसकडच्या आमच्या वस्तीतली मॅट्रिक झालेली मी पहिली मुलगी. वर्षभर शिकायचं, परीक्षा द्यायची, की सरकारी नोकरी. गावोगाव जाऊन बायकांना बिनधुराची चूल, मुलांची निगा, बाळाची अंघोळ शिकवायची. अंघोळीचा धडा शनिवारी असे. गावातल्या बायका तान्ही मुलं घेऊन येत. प्रत्येक मुलीनं वर्षात सहा मुलांना स्वतःच्या हातानं अंघोळ घालायची आणि प्रात्यक्षिकाच्या वहीत मुलाचं नाव, वय लिहायचं. सहा नोंदी नसतील तर प्रमाणपत्र नाही.

मला या धड्याची भीती नव्हती. माझी आई सुईण. धर्मांतरानंतर आम्ही गावकीची सगळी कामं सोडली, पण अडलेल्या बाईला नाही म्हणणं आईला जमलं नाही. तिच्या पायांवर न्हालेली पोरं मी लहानपणापासून बघितली. पाय लांब करून बसायची, पोर नडग्यांवर पालथं घालायची, तांब्यातलं पाणी एका धारेनं सोडायची. पोर रडायचं आणि रडता रडता झोपायचं. पाटलाच्या घरातलं असो की वाण्याच्या. बारा दिवस तिचे हात चालत. सोयर असतंच घरात, बाटायचं ते आधीच बाटलेलं. तेराव्या दिवशी घर सारवून घेत, गोमूत्र शिंपडत, आणि आई अंगणात उभी. ज्याची नाळ तिनं कापली त्याला बघायचं झालं तर लांबून.

आणि बाईंना वाटत होतं, मला पद्धत शिकायची आहे.

माझी पाळी आली की बाहुली बाहेर यायची. माझं झालं की ओलीच कपाटात. आतल्या चिंध्या कधी वाळल्याच नाहीत. तिसऱ्या वेळी तिला बुरशीचा वास येत होता. चौथ्या वेळी साबण लावताना पोटातून काळं पाणी निघालं, माझ्या बोटांवरून टबात उतरलं. बाई म्हणाल्या, "कानामागं विसरू नकोस." बाहुलीला कान काढलेले होते, शाईनं. तेही धुऊन गेले होते.

याच बाई सोमवारी आम्हाला समाजशिक्षण शिकवत. गावात भेदभाव दिसला तर ग्रामसेविकेनं काय करावं, हे मला त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावं लागलं. भिंतीवर पाटी होती, अस्पृश्यता पाळणं गुन्हा आहे. पाटीच्या खालीच ते कपाट.

पहिल्या शनिवारी मी वहीत प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'बाहुली'. बाईंनी ते पान फाडलं. "मूल लिही. नाव घाल, वय घाल. वरून विचारणा आली तर केंद्राला त्रास. आणि आया यायच्या बंद झाल्या तर सगळ्याच मुलींचं नुकसान. तुला कळत नाही का?"

शेजारी बसणारी मुलगी हळूच म्हणाली, "लिहून टाक गं. कोण बघतंय?"

मी लिहिलं. सुमन, वय तीन महिने. दत्तू, वय दोन महिने. मग शालन, मग आणखी तीन. सहा मुलं मी कागदावर जन्माला घातली. सहाही वेळा बाईंनी खाली सही केली आणि सहाही वेळा मला सुटल्यासारखं वाटलं. याची मला आज सगळ्यात जास्त किळस येते. बुरशीची नाही. बाईंचीही नाही. त्या सुटल्यासारखं वाटण्याची.

परीक्षेला साताऱ्याहून साहेब आले. वही चाळली, मान हलवली. चेहरा चांगला होता. सहज विचारावं तसं विचारलं, "यातलं कुठलं मूल सांभाळायला जड गेलं?"

बाई शेजारीच उभ्या होत्या. काहीही सांगता आलं असतं. दत्तू फार रडायचा. शालनला पाण्याची भीती. तोंडात आलंही. आणि दत्तूच्या जागी ती काळं पाणी गळणारी चिंधी दिसली. तिचं नाव मीच दत्तू ठेवलं होतं.

"यातलं एकही मूल नाही, साहेब. सहाही वेळा बाहुली होती."

साहेबांनी बाईंकडं बघितलं. बाई म्हणाल्या, "गावातल्या बायकांचा प्रश्न आहे, साहेब. आपण काय करणार?"

साहेबांनी वही मिटली. "हे बघ, नोंदी पूर्ण आहेत, सह्या आहेत. मी काही ऐकलं नाही असं समजतो. तू पास आहेस. जा."

एवढं सोपं होतं. उठायचं आणि जायचं.

मी वही ओढून घेतली. त्यांच्याच टेबलावरचा टाक उचलला. सुमन खोडलं, बाहुली लिहिलं. दत्तू खोडलं, बाहुली लिहिलं. सहाही. अक्षर घाण आलं. पण प्रत्येक ओळ वाचता येत होती.

"स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलास," बाई म्हणाल्या.

एकोणीस मुलींना प्रमाणपत्रं मिळाली. मी ट्रंक घेऊन घरी आले. आई सुपात जोंधळे पाखडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सा वळी तर हुत्या गं. गप बसली आस्तीस तर?"

"तू बारा दिस पोर धुतीस आनि तेराव्याला अंगनात हुबी ऱ्हातीस," मी म्हणाले. "मी न्हाई ऱ्हानार."

आईचा हात थांबला. मग पुन्हा पाखडायला लागली.

महिन्याभरानं केंद्राचं पत्र आलं. वहीत खाडाखोड केल्याबद्दल लेखी माफी मागितली तर पुढच्या परीक्षेला बसू देऊ. त्याच दिवशी मी उत्तर लिहिलं. पोस्टकार्डावर, मोठ्या अक्षरांत. टपालवाल्यापासून केंद्राच्या शिपायापर्यंत ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

माफी मागणार नाही. परीक्षेला येते आहे. सहा जिवंत मुलं तयार ठेवा. बाहुली दिलीत तर बाहुलीच लिहीन, आणि ते पान या वेळी तुम्हाला फाडू देणार नाही.