मिरजगावचे पाचशे दांडे

मिरजगावचा सहादेव सुतार कधी सरळ बोलला, तर गावाला वाटायचं, गड्याला ताप चढला असावा. कुणी विचारलं, "पेरणीची तिफण कधी देतूस?" की म्हणायचा, "पाऊस पडायच्या आदी." बहात्तर साली पाऊसच पडला नाही, त्यामुळं त्याला खोटं पाडायचीही सोय राहिली नाही.

औतं थांबली, तसा सहादेवाचा धंदा बसला. त्याची बायको रंगुबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. हाताचे फोड दाखवून म्हणायची, "तुमच्या हातात कसब हाय, अन् माज्या हातात ह्ये."

तेवढ्यात खबर आली. दुष्काळी कामाच्या टिकावांना पाचशे दांडे पाहिजेत, अन् सरकार ते फक्त छोट्या कारागिरांकडूनच घेणार. लाकडाच्या बड्या वखारवाल्यांना मज्जाव. सहादेवानं बाभळीचा एक दांडा तासला, काचेनं घासून गुळगुळीत केला अन् नगरची यष्टी धरली.

कचेरीत बघतो तर वखारवाले श्रीमंतशेठ आधीच चहा पीत बसलेले. शेठनी मेव्हण्याच्या नावानं आठ दिवसांत 'छोटा कारखाना' काढला होता. कारखान्यात पाटी होती, मेव्हणा होता. बाकी काही नव्हतं.

साहेबानं दोन्ही नमुने पडवीत मागवले अन् टिकाव हातात घेतला. सहादेवाच्या दांड्याचं जाड टोक टिकावाच्या भोकात घालायला बघितलं. जाईना. ठोकलं, तरी जाईना.

"हा नापास," साहेब म्हणाला. "शेठ, तुमचा बघू."

शेठचा दांडा वरपासून खालपर्यंत सारखाच सडपातळ. सुळकन आत गेला.

सहादेवानं चेहरा वरातीतल्या व्याह्यासारखा ठेवला. "ब्येस बसला, साहेब. आता कारखानदारानंच एक घाव घालून दावावा. बोहनी व्हईल."

साहेबापुढं शेठला नाही म्हणवेना. त्यांनी धोतर खोचलं, अंगणात जाऊन टिकाव डोक्यावर उगारला. सहादेव गुमान खांबाआड सरकला. शेठनी जोर केला मात्र, अन् रिकामा दांडा तेवढा हातात राहिला. टिकाव मागं उडाला तो साहेबाच्या बुटापासून वीतभर अंतरावर रुतला.

सहादेवानं टिकाव उपटला, आपल्या दांड्याच्या बारीक टोकाकडून वर सारला अन् दांडा उलटा करून जाड टोक फरशीवर दोनदा आपटलं. टिकाव जाड टोकाला गच्च बसला. "ह्यो असा खालनं वर घालायचा, साहेब. जितका घाव माराल तितका आवळतो. कुणब्याच्या रांगत्या पोराला ठावं असतंय."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी साहेब, ह्ये कारखानदार. मी म्हनलं, दोघांचं बी चुकंल कसं?"

साहेबानं बूट मागं घेतला अन् सहादेवाच्या नावानं कागदावर सही केली.

सांजच्याला सहादेवानं घरी येऊन कागद रंगुबाईपुढं धरला. "पाचशे दांडे. उद्यापास्नं खडी फोडाया जायाचं न्हाई."

"अन् ती पाचशे काचेनं घासनार कोन?"

सहादेवानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "त्येबी सरकारनं छोट्यांसाठीच ठिवलंय."

"मंग तुमीच घासा," रंगुबाई म्हणाली. "ह्या घरात तुमच्यापरास छोटं कोन हाय?"