एसटीनं निघालेली पूड

माझी ताई नांदेडच्या एका फार्मसी कॉलेजात उंदरांच्या वृषणांना पीळ घालते आणि तो सोडवते. घरी हे कुणी असं म्हणत नाही. आई विचारणाऱ्यांना सांगते, "कांद्यावर पीएचडी करून राहिली." तेही खोटं नाही. पीळ पडला की रक्त पोचायचं थांबतं. सोडवला की ते एकदम परत येतं, आणि त्या धक्क्यानं उरलेल्या पेशीही जळतात. कांद्याच्या सालीतलं एक द्रव्य हे जळणं थोडं आवरतं का, एवढाच तिचा प्रश्न.

एका स्थानिक पेपरनं त्याचा मथळा केला : 'पुरुषांच्या नाजूक दुखण्यावर कांद्याची साल रामबाण!' उंदीर पार तळाच्या ओळीत. ताईनं फोन करून झापलं, तर तिकडचा बातमीदार हसून म्हणाला, "ताई, उंदीर वर घातले तर वाचल कोण?"

मी तेव्हा लातुरात होते. आमचा छोटा गट आहे, आम्ही क्लासेसच्या होस्टेलांवर पत्रकं वाटतो. त्या पत्रकाचा मजकूर माझा : 'गोटी अचानक दुखू लागली, पोटात कळ आली, उलटी झाली, तर लाजू नका. चार-सहा तासांत ऑपरेशन झालं तर ती वाचते. चोळू नका, थांबू नका.' वृषणाला गोटी म्हटलेलं बघून निम्मे रेक्टर गठ्ठा तसाच कपाटात ठेवतात. एकानं तर मला सरळ सुनावलं, "म्यॅडम, तुम्ही लेडीज. हा विषय तुमचा न्हाई." मी म्हटलं, "तुमचा आहे ना? मग तुम्ही वाटा." तेही नाही.

एका दुपारी ताईचा फोन आला. ती बातमी वाचलेले जळकोटचे एक किराणा दुकानदार सकाळपासून तिला औषध मागत होते. त्यांचा पोरगा लातूरला नीटच्या क्लासला होता आणि पहाटेपासून तळमळत होता. ताईनं निक्षून सांगितलं होतं, औषध नाही, आधी सर्जन गाठा. त्यांनी एवढंच ऐकलं की बाई औषध देत नाही. "होस्टेलचं नाव लिहून घे आणि पळ," ताई म्हणाली.

गेले, तर पोरगा कॉटवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेला. बेंबीवर तांब्या उपडा घातल्याचा लालभडक गोल वळ. त्यानं लाजून रेक्टरला पोटच सांगितलं होतं. बेंबी सरकली म्हणून स्वयंपाकीणबाईंनी खाली दिवा ठेवून, वर तांब्या घालून ती बसवून दिली होती. खरं काय ते त्यानं फक्त बापाला फोनवर सांगितलं.

"दवाखान्यात का नेलं नाही?" मी रेक्टरला विचारलं.

"पोराच्या वडलांचा फोन आलाय. औषध येऊन राहिलंय की नांदेडहून, एसटीत."

आमच्याकडे लोणचं, टीसी, डोळ्याचा चष्मा, सगळं कंडक्टरच्या हाती जातं. बापाच्या मेहुण्यानं नांदेडला कांद्याची वाळलेली साल मिक्सरमधून काढली, डब्यात भरली आणि लातूरच्या गाडीवर दिली. ती गाडी स्टँडवर लागेपर्यंत पोरानं कळ काढायची, असं ठरलेलं. सगळे मिळून त्या गाडीची वाट बघत होते! मी काय बोलले ते लिहीत नाही. रिक्षा आणली. रेक्टर रिक्षात बसायला तयार नव्हते, मग स्वयंपाकीणबाई बसल्या. वाटेत त्या पोराला म्हणाल्या, "मेल्या, तोंडानं सांगायचं ना. मला काय पोरं न्हाईत?"

सर्जननी हात लावला आणि लगेच म्हणाले, उघडावं लागेल, वडिलांना विचारा. मी फोन लावला.

"म्यॅडम, पूड येऊ द्या ना. कापाकापी कशाला? एकुलतं एक लेकरू हाय."

"काका, माझ्या ताईनं एकाही उंदराला न कापता ते औषध दिलेलं नाही. आधी कापते, पीळ सोडवते, मग औषध."

त्यांनी दुकानातल्या गिऱ्हाइकाला जरा थांबायला सांगितलं. मग म्हणाले, "करा."

पीळ सोडवून डॉक्टर ती गोटी गरम ओल्या कपड्यात गुंडाळून रंग परत यायची वाट बघत राहिले. काळी होती. कडेनं जरा तांबूस झाली. ठेवतो, म्हणाले, पण जगेल की सुकेल ते काही महिन्यांनी कळेल. दुसरी टाके घालून जागेवर बसवली, तिला परत पीळ पडू नये म्हणून.

वडील संध्याकाळी पोचले. स्टँडवरून डबा घेऊनच आले होते. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं नीट ऐकलं, मग मला म्हणाले, "तुमच्या ताईला लावा."

मी स्पीकरवर लावला.

"आता तर कापलं, सोडवलं. आता द्या ते औषध. खरंवालं."

"काका, ते अजून कुठल्याच माणसाला दिलेलं नाही. काय उलटं होईल ते मला माहीत नाही."

"उंदराला देता अन् माझ्या पोराला न्हाई? मी सही करतो की."

ताई म्हणाली, "नाही काका."

त्यांनी डबा पिशवीत घातला आणि पोराच्या पायाशी जाऊन बसले.

ती सुकली. पुढं सोनोग्राफीत दिसलं. डॉक्टरांनी समजावलं, एकीवर सगळं नीट चालतं, लग्न, लेकरं, सगळं. पोरगा परत क्लासला लागला. मी परत होस्टेलं फिरते, गठ्ठे परत कपाटात जातात, आणि भांडायचा जोर आता पहिल्यासारखा येत नाही.

जळकोटहून ताईला अजून फोन येतो. राम राम होतो, पाऊसपाणी होतं, मग ते विचारतात, "म्यॅडम, तवा ते औषध दिलं असतं तर?"

"माहीत नाही, काका."

"बरं," म्हणून ते ठेवतात. थोड्या दिवसांनी परत करतात.