दाट विणीचा तलाव

साखरपुड्यानंतर माझे पाय जमिनीवर नव्हते. उमरेडच्या आमच्या विणकराच्या घरात मी विनाकारण हसायची आणि माय म्हणायची, "हिले कोनी बांधून ठेवा गा!" लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं. पण बाबांनी स्वतःलाच एक अट घालून घेतली होती. नागपूरहून येणाऱ्या वऱ्हाडाला आपल्या तलावातल्या रोहूचं जेवण द्यायचं, त्याशिवाय लग्न नाही.

मागाला काम कमी झालं म्हणून त्यांनी त्या श्रावणात गावाबाहेरचा तलाव ठेक्यानं घेतला होता. बोटुकली, म्हणजे बोटाएवढे मासे, विकणारा म्हणाला, "इतकी पुरे." बाबांना तो कामचुकार वाटला. त्यांनी कितीतरी जास्त घेतली. "दाट विनलं का लुगडं टिकते. विरळ मालाले कोन विचारते गा?" आयुष्यभर धागे मोजलेला माणूस, त्याला कोण समजावणार! येताना बैलगाडीत एक मडकं तडकलं. त्यातली बोटुकली मी वाटेवरच्या वीटभट्टीच्या खड्ड्यात ओतली आणि विसरून गेले.

मार्गशीर्ष आला तरी तलावातले मासे बोटाएवढेच. कोंडा टाकला की पाणी नुसतं उसळायचं, आणि सकाळी दोन-चार पांढरी पोटं तरंगताना दिसायची. बाबांनी लग्न वैशाखात ढकललं. माझा असा संताप झाला! माशांनी अंग धरलं तर माझं लग्न? मी रोज काठावर उभी राहून त्यांना शिव्या घालायची. "मेल्यांनो, वाढा ना!"

अशीच तणतणत परतताना एकदा वीटभट्टीच्या खड्ड्यात काहीतरी धपकन उडालं. वाकून पाहते तर चांगला कोपरापर्यंत भरेल असा रोहू! मी पळत सुटले आणि बाबांना मागावरून ओढून आणलं.

"हे आपले?" त्यांनी विचारलं.

"त्याच गाडीतले. इथं गर्दी नाही नं, बाबा."

ते वाकले आणि पाण्यावर हात धरून माशाची लांबी मोजू लागले. मग कपाळावर हात मारून असे हसले की भट्टीवरची माणसं जमा झाली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे माशांची खैरात. ज्याच्याकडे विहीर किंवा डबकं असेल त्यानं बादली घेऊन यावं. आमचे हे, तेव्हा व्हायचे होते, नागपूरहून चक्क सायकलला डालड्याचे डबे बांधून आले. मासे हे निमित्त, हे साऱ्या गल्लीनं ओळखलं, आणि मी मात्र पदरात तोंड लपवून गुदमरेपर्यंत हसले.

वैशाखात पंगतीत रोहूचा रस्सा वाढला तेव्हा बाबांची मान ताठ होती. निरोपाला त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. दोन माग असलेल्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही सगळी भावंडं एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपायचो.

"एक विरळ केली," ते म्हणाले. "बाकीच्याइले जागा झाली. तू तिकडं वाढजो वं."

मी खुदकन हसले, तेही हसले. गाडीतही मी हसतच होते. रडू आलं ते सासरी, अंथरुणावर पाय लांब केले आणि कोणालाच लागले नाहीत तेव्हा.