रायपूरच्या ट्रकची बॅटरी

वाडीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात कॉम्प्युटर आला, त्याच वर्षी मीही तिथे नोकरीला लागले. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. गोदामाच्या कोपऱ्यात काचेची केबिन, आत एसी, आणि दाराबाहेर चपला काढायच्या असा नियम. आत मी एकटी. इंग्रजी शाळेत शिकलेली असल्यामुळे माझं मराठी ड्रायव्हर लोकांना पुस्तकातलं वाटे आणि ते हसत, म्हणून मी बोलतच कमी असे.

लाइट रोज दुपारी जायची. यूपीएस हातातलं काम आवरण्यापुरता जेमतेम टिकायचा. एकदा बिलांची फाइल लिहिली जात असतानाच तो बसला आणि महिन्याभराच्या नोंदी गेल्या. शेठजी रागावले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"अजून एकदा असं झालं, बेटा, तर हा डबा मी वापस करतो. मुनीमजी हातानं लिहीतच होते ना?"

डब्याबरोबर मीही वापस जाणार, हे त्यांनी म्हटलं नाही, पण मला ते ऐकू आलं. घरी मी कुणाला काही बोलले नाही. दुसरी नोकरी मिळेल याची खात्री नव्हती. मुलाखतीत माझा आवाजच फुटत नसे.

उपाय गॅरेजच्या मिस्त्रीने काढला. यूपीएसच्या आतल्या लहानशा बॅटरीला त्याने दोन जाड केबल जोडल्या, प्लायवूडला भोक पाडून त्या व्हरांड्यात नेल्या आणि तिथे ट्रकची बॅटरी लावली. त्या दिवशी लाइट गेली, तरी दुपारभर स्क्रीन चालू राहिली. सगळे काचेला नाक लावून बघत होते. मी मात्र यूपीएसवर हात ठेवून बसले होते. एवढा वेळ चालण्यासाठी तो बनलेलाच नव्हता. पत्रा तव्यासारखा तापला होता, आणि मी त्याला पुठ्ठ्याने वारा घालत होते.

मग कळलं की एवढी मोठी बॅटरी पुन्हा भरणं यूपीएसच्या आवाक्यातलं नाही. त्यावर ट्रान्सपोर्टवाल्यांनाच सुचेल अशी तोड निघाली. लांबून आलेल्या ट्रकची बॅटरी रस्त्यात भरलेली असतेच. माल उतरून नवा चढेपर्यंत ती मला द्यायची आणि निघताना परत लावायची. तोवर बॅटरी उतरलेली असली तर हमालांनी धक्का मारून ट्रक चालू करायचा.

"म्याडमचा कंप्युटर डिझेल पिऊन राहिला," ड्रायव्हर म्हणत.

मे महिन्याच्या शेवटी, ऐन बिलांच्या दिवशी, लाइट सकाळपासूनच नव्हती. यूपीएसच्या आतल्या बॅटरीत आता जीव नव्हता, सगळं रायपूरच्या ट्रकच्या बॅटरीवर चाललं होतं. मी बिलांचं काम सुरू केलं होतं, फाइल फ्लॉपीवर लिहिली जात होती, आणि तेवढ्यात त्या ट्रकचा ड्रायव्हर हातात पाना घेऊन काचेपाशी आला.

"ब्याटरी द्या म्याडम, मले निघायचं आहे."

मी हाताने थांबा म्हटलं.

"काहून थांबू? अंधार व्हायच्या आत देवरी गाठायची आहे मले."

तो व्हरांड्यात उकिडवा बसला आणि त्याने नटाला पाना लावला. मी तशीच अनवाणी बाहेर धावले. फरशी भाजत होती. त्याच्यासमोर बसून मी दोन्ही तळवे बॅटरीवर दाबून धरले.

"नाही," मी म्हणाले.

"हात काढ वं बाई, ॲसिड लागन."

"फाइल उघडी आहे."

"मंग बंद करा ना!" हमाल हसले.

"ती लिहून झाली की आपोआप बंद होते."

"कधी होते?"

"माहीत नाही." ते खरंच होतं.

"घ्या! गाडी भरली, हमाल उभे, अन् फाइल आपल्या मनानं लिहून राहिली." त्याने खिशातून बिडी काढली.

"बिडी नको. बॅटरीजवळ नको."

"आता बिडी बी बंद! यापरीस माही बायको बरी." पण त्याने बिडी कानामागे खोचली आणि तो बसून राहिला.

शेठजी गोदामातून बाहेर आले. "गाडी काहून उभी आहे अजून?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ड्रायव्हर घाईघाईने म्हणाला, "टायर पाहून राहिलो होतो, शेठजी."

मी गप्प बसले असते तरी चाललं असतं.

"मी थांबवली," मी म्हणाले. आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला. "बॅटरी काढली असती तर बिलं गेली असती."

"गेली का?"

मी उठून काचेतून आत पाहिलं. फ्लॉपीचा लाल दिवा विझला होता, म्हणजे फाइल लिहून झाली होती. तरी आत जाऊन फाइल उघडून पाहिली, शेवटच्या बिलापर्यंत. मग कॉम्प्युटर बंद करून बाहेर आले.

"नाही. सगळी आहेत."

शेठजींनी माझ्या ओढणीकडे पाहिलं. तिला ॲसिडची भोकं पडायला लागली होती. मग ते ड्रायव्हरला म्हणाले, "ने आता तुही ब्याटरी."

हमालांनी धक्का मारला. दोनदा खोकून ट्रक चालू झाला आणि फाटकातून बाहेर पडला. शेठजी मिस्त्रीकडे वळले.

"जुन्या गाड्यांतली एक ब्याटरी बाईसाठी अलग ठेव. रोज बाहेरून चार्ज करून आणत जा. चालत्या गाडीले हात लावायचा नाही."

म्हणजे उद्या मला यायचं होतं. तळवे चुरचुरत होते. मी नळाखाली हात धरून बराच वेळ उभी राहिले.